धंद्याचा कचरा आणि काट्यावरचा हिशोब

१ एप्रिल २०२६ पासून देशात घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झाले आणि २०१६ चे नियम मागे पडले. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत हॉटेलवाले, दुकानदार, डॉक्टर आणि कार्यालयचालक यांचीच पत्रे जास्त आहेत. बहुतेकांचे प्रश्न फिरून फिरून त्याच त्या गोष्टींवर येतात, म्हणून त्यातले निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पुण्यात आमचे साठ खुर्च्यांचे शाकाहारी हॉटेल आहे. "तुम्ही मोठे कचरानिर्माते आहात, ओला कचरा जागेवरच जिरवा," असे आरोग्य निरीक्षक सांगून गेले. आमच्या अंदाजाने रोज सत्तर-ऐंशी किलोच कचरा निघतो. आम्ही त्यात बसतो का? (हॉटेलचालक, सदाशिव पेठ)

उत्तर : अंदाज बाजूला ठेवा आणि काटा लावा. नव्या नियमांत मोठा कचरानिर्माता ठरायला तीन कसोट्या आहेत : बांधकामाचे क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, पाण्याचा वापर दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त, नाहीतर कचरा दिवसाला १०० किलो किंवा जास्त. यांतली एक लागू झाली तरी पुरे. तुमच्यासारख्यांचा फैसला तिसऱ्या कसोटीवर होतो.

सलग सात दिवस वजन करा. त्यात शनिवार-रविवार हवेतच. आठवड्यात एकादशी किंवा संकष्टी येत असेल तर तो आठवडा सोडा, कारण उपवासाच्या दिवशी ताटातले उष्टे आणि स्वयंपाकघरातली सालपटे दोन्हींचे प्रमाण बदलते. शंभर किलोचा टांगता डिजिटल काटा पुरतो. रिकाम्या डब्याचे वजन आधी डब्यावरच रंगाने लिहून ठेवा, म्हणजे रात्री अकराला पोऱ्याला वजाबाकी करताना घोळ होणार नाही.

समजा, सोमवार ते गुरुवार ओला कचरा ७२, ६८, ७५ आणि ७० किलो भरला, शुक्रवारी ८५, शनिवारी १२२, रविवारी १३१. बेरीज ६२३, सरासरी ८९. इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मोजायचा असतो तो सगळा कचरा : पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे, टिश्यू, बाटल्या हे सगळे धरून. सुक्याचे रोजचे १४ किलो मिळवले की आकडा १०३ होतो आणि तुम्ही आत येता. तुमचे 'सत्तर-ऐंशी' हे बहुधा अधल्यामधल्या वारचे आणि फक्त ओल्याचे असावे.

ओल्या कचऱ्यातले पाणी आधी गाळून घ्या. डाळ, रस्सा, ताक, ताटात राहिलेले सांबार असे सगळे थेट डब्यात ओतले की वजन वाढते, डबा उचलताना जिन्यावर सांडते आणि दुपारपर्यंत वास सुटतो. मोठ्या पिंपात भोके पाडलेली दुसरी बादली बसवा, खरकटे वरच्या बादलीत टाका आणि खाली साठलेले पाणी चरबी अडवणाऱ्या चेंबरमधून मोरीत सोडा. पावसाळी गटारात कदापि नाही. ते चेंबर आठवड्याला साफ केले नाही तर तुपातेलाचा थर नळीत गोठतो आणि मग प्लंबरचे बिल कचऱ्याच्या बिलाच्या वर जाते.

वजन १०० च्या आसपास घुटमळत असेल तर नोंदवही ठेवा. तारीख, ओला, सुका, सही, एवढे चार रकाने बास. निरीक्षकाशी वाद घालायला तोंडी अंदाज कामाला येत नाही. आणि हॉटेल एखाद्या मॉलमध्ये असेल, तर क्षेत्रफळाच्या कसोटीवर मॉलच मोठा निर्माता ठरतो. तेव्हा वेगळी नोंदणी करण्याआधी मॉलच्या व्यवस्थापनाला त्यांच्या नोंदणीची प्रत मागा.

जाता जाता रसवंती आणि शहाळेवाल्यांना एक इशारा. फोडलेले शहाळे सव्वा-दीड किलोचे असते. दिवसाला ऐंशी विकली की शंभर किलो झालेच.

प्रश्न : मोठे निर्माते ठरलो तर नेमके करायचे काय? (तेच वाचक)

उत्तर : केंद्रीय पोर्टलवर नोंदणी, चार प्रकारांत (ओला, सुका, स्वच्छताविषयक, विशेष काळजीचा) वर्गीकरण आणि ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवणे. जागा नसल्यामुळे आवारात जिरवणे जमत नसेल, तर मोठ्या निर्मात्याच्या विस्तारित जबाबदारीचे प्रमाणपत्र घेण्याची सोय नव्या नियमांत आहे, म्हणजे तुमच्या वाट्याचा ओला कचरा दुसरीकडे जिरवला गेल्याचा कागद. नोंदणी न करणे, खोटी आकडेवारी भरणे, बनावट कागद जोडणे यांवर प्रदूषण करणाऱ्याकडून पर्यावरण भरपाई वसूल करता येते. त्यामुळे पोर्टलवर आकडा भरताना नोंदवही समोर घेऊन बसा, गोल आकडे ठोकून देऊ नका.

ही सक्ती एकाएकी आलेली नाही. मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला मोठी आग लागली आणि फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकाम परवानग्याच रोखल्या. मग मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ ही तारीख धरून मोठ्या सोसायट्या आणि आस्थापनांचा ओला कचरा उचलणार नाही असे जाहीर केले. पुण्यात, शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहर ओला-सुका वेगळा करायला लागले.

प्रश्न : "चोवीस तासांत खत" देणारे यंत्र घ्यावे का? विक्रेता म्हणतो, बटण दाबा आणि विसरा. (हॉटेलचालक, नाशिक)

उत्तर : विसरू नका, कारण त्यातून जे निघते ते खत नसते. अशा यंत्रात हीटर आणि फिरते पाते असते. कचऱ्यातले पाणी उडते, १०० किलोचे वीस-पंचवीस किलो तपकिरी भुसकट होते आणि वासही बरा येतो. पण जिवाणूंनी काम केलेलेच नसते. ते भुसकट कुंडीत घालून पाणी दिले की कुजण्याची प्रक्रिया तिथे सुरू होते. बुरशी धरते, चिलटे येतात, मुळे जळतात. परीक्षा सोपी आहे. मूठभर 'खत' ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत, आंबट किंवा कुजका भपकारा आला तर वाळवलेले खरकटे. विक्रेत्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन ही परीक्षा करा, मगच आगाऊ रक्कम द्या.

विजेचे गणितही आधी मांडा. ८ किलोवॉटचा हीटर १२ तास चालला तर ९६ युनिट होतात आणि तुमचे मीटर व्यापारी दराचे आहे. माहितीपत्रकात 'सरासरी वापर' लिहिलेला असतो. तो कुठला कचरा आणि किती ओलावा धरून काढला ते विचारा.

आमच्या मते शंभर-दीडशे किलोच्या हॉटेलला तुकडे करणारे साधे यंत्र आणि क्रेटची मांडणी जास्त भरवशाची. प्रमाण असे : १०० किलो गाळलेला ओला कचरा, १० ते १५ किलो लाकडाचा भुसा, वाळका पाला किंवा कोकोपीट, आणि उत्पादकाने सांगितले असेल तेवढे कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण). भुसा सॉ मिलचा घ्या, प्लायवूडवाल्याचा नको, त्यात डिंक-रसायने असतात. तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे ठेवा. अगदी लगदा केला तर हवा खेळत नाही. मिश्रण मुठीत घट्ट दाबले की बोटांमधून एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर भुसा कमी पडला.

जागेचा हिशोब : एवढ्या मिश्रणाला साधारण २१० लिटर जागा लागते. ६० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरच्या जाळीदार क्रेटमध्ये ७० लिटर बसते, म्हणजे रोजचे तीन क्रेट, पंधरा दिवसांचे ४५. एकावर एक पाच लावले तर नऊ थप्प्या. हात घालायला वाट धरून आठ-दहा चौरस मीटर लागतात. गच्चीवर ठेवायचे तर वर पत्रा हवा आणि खाली काळे पाणी गोळा करणारी पन्हळ हवी. तिसऱ्या दिवशी आतला भाग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला पाहिजे. हात घातल्यावर चटका बसला तर काम नीट चालू आहे. दर तीन-चार दिवसांनी उलथापालथ करा. पंधरा दिवसांनी क्रेट उतरवून ढिगात आणखी तीन-चार आठवडे मुरू द्या. शेवटी हाती पंधरा-वीस किलो येईल.

बिघडते कुठे? अमोनियाचा झणझणीत वास आला तर भुसा कमी आहे. सडक्या अंड्याचा वास आला तर ओलावा जास्त आणि हवा कमी. क्रेट उलटे करा, कोरडा पाला मिसळा. वरच अळ्या वळवळत असतील तर वरचा थर भुशाने झाका. लिंबाची सालपटे ढिगाने आली की मिश्रण आंबते, ती थोडी थोडी घाला. रश्शातले मीठ आणि तेल खतात उतरते, म्हणूनही गाळणे महत्त्वाचे. पात्याचे खरे शत्रू मात्र चमचे. धुण्याच्या मोरीजवळ खरकटे काढणाऱ्याच्या समोर स्टीलचा पाट आणि त्यावर एक जाड चुंबक बसवा. चुंबकाला न चिकटणारा स्टीलचा चमचा डोळ्यांनीच वेचावा लागतो.

बायोगॅसचा मोह अनेकांना होतो. १०० किलो खरकट्यातून ढोबळमानाने आठ-दहा घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे चार किलोभर एलपीजीएवढा. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर साधारण पाच दिवसांत एक वाचेल. पण कचऱ्याइतकेच पाणी घालावे लागते. रोज २०० लिटर आत गेले की रोज जवळजवळ तेवढीच स्लरी (पातळ रबडी) बाहेर येते आणि टाकीतला मुक्काम चाळीस दिवसांचा धरला तर आठ घनमीटरची टाकी लागते. शहरात ही स्लरी कुठे टाकायची हा प्रश्न सुटत नसेल तर बायोगॅसच्या वाटेला जाऊ नका. शेत असेल, तर जरूर करा.

प्रश्न : खासगी गाडी रोज कचरा नेते, दरमहा ठरावीक पैसे घेते. पुढे कुठे नेते ते माहीत नाही. जबाबदारी त्याची की माझी? (बेकरीमालक, ठाणे)

उत्तर : परवाना नसलेल्याच्या हाती दिला तर तुमची. कचरा अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचा, ही अट २०१६ च्या नियमांतही होती. नाल्याकाठी पोती सापडली आणि त्यात तुमच्या बिलांचे कागद निघाले, तर निरीक्षक टेम्पोवाल्याला शोधत बसत नाही.

लेखी करार करा आणि त्यात एवढे असू द्या : महापालिकेच्या मान्यतेची प्रत, गाड्यांचे क्रमांक, कचरा ज्या प्रकल्पात जातो त्याचे नाव, किलोमागे दर आणि गाडी न आल्यास काय. प्रकल्पाच्या गेटवरची वजनपावती महिन्याच्या बिलाला जोडलेली हवी. ती नसेल तर बिल थांबवा; दोन महिने थांबवले की पावत्या यायला लागतात.

डब्यामागे दर लावणाऱ्यांपासून जपा. १२० लिटरचा डबा ओल्या कचऱ्याने भरला तर साठ-सत्तर किलो होतो, पण रोज अर्धाच भरत असेल तरी पैसे पूर्ण डब्याचे जातात. ठरावीक मासिक दराची अडचण उलटी असते. तिथे तुम्ही कचरा कमी केला तर बचत ठेकेदाराची होते, तुमची नाही.

अनेक हॉटेलांचे उष्टे डुकरे पाळणारे फुकट नेतात. फुकट म्हणून बरे वाटते, पण ते न उकळता जनावरांना घातले तर आफ्रिकन स्वाइन फीवरसारखे रोग पसरतात आणि तुमच्याकडे कागद शून्य. हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

पुणेकरांनी लक्षात घ्यावे की महापालिका हॉटेलांचा ओला कचरा वेगळ्या गाडीने उचलून बायोगॅस प्रकल्पांना देते. यांतले बरेचसे पाच टनांचे. एक प्लास्टिकची पिशवी पंपात गेली की प्रकल्प बंद. म्हणून गाडीवरचे कामगार डबा हलवून पाहतात आणि मिश्र दिसला तर जागेवर ठेवून जातात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, ते बरोबर करतात.

प्रश्न : माझे स्टेशनरीचे दुकान आहे. चार-पाच किलो कचरा, तोही पुठ्ठा-कागद. चार डबे ठेवायची सक्ती मलाही आहे का? (दुकानदार, सांगली)

उत्तर : वर्गीकरण सगळ्यांना आहे, नोंदणी आणि आवारात जिरवणे फक्त मोठ्यांना. ओला, सुका, स्वच्छताविषयक (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा (ट्यूब, बल्ब, रंगाचे डबे, औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर) असे चार प्रकार. तुम्हाला रोजचे दोन डबे आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी एक झाकणाचे खोके पुरे. स्वच्छतागृह असेल तर तिथे चौथा. चहाचा चोथा आणि केळ्याची साल पुठ्ठ्यात टाकू नका, एवढे सांभाळले तरी निम्मे काम झाले.

प्रश्न : पुठ्ठा, बाटल्या, डबे आम्ही भंगारवाल्याला विकतो. कचरा नेणाऱ्या ताई म्हणतात, सुका कचरा आमचा. कोणाचे खरे? (किराणा दुकानदार, कोथरूड)

उत्तर : अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला विकायला नियमांची आडकाठी नाही. पण पुण्याची व्यवस्था कशी उभी आहे ते पाहा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे आणि त्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर, दुकानोदुकानी कचरा गोळा करते. या कामाचे उत्पन्न दोन भागांत येते : तुमचे सेवाशुल्क आणि सुक्या मालाची विक्री. पुठ्ठा-ॲल्युमिनियम तुम्ही विकले आणि वेफर्सची वेष्टने, थर्माकोल, खरकटलेले पार्सलचे डबे तेवढे ताईंना दिले, तर हिशोबातला विकाऊ भाग गेला आणि ओझे राहिले. मोठ्या दुकानाने विकायचे तर सेवाशुल्क वाढवून द्यावे; लहान दुकानाला पुठ्ठ्याचे जे चार पैसे सुटतात ते सोडून देणे बरे.

कोणालाही द्या, पण कोरडे द्या. भिजलेला पुठ्ठा घेणारे वजनात कट्टी मारतात किंवा घेतच नाहीत. खोकी उलगडून, टेप-पिना काढून, सुतळीने बांधून फळीवर ठेवा, जमिनीवर नाही. फुटकी काच पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर 'काच' असे लिहून. पिशवीतली काच उचलणाऱ्याचा हात कापते.

प्रश्न : आमचा फरसाणाचा कारखाना आहे. तळणीचे उरलेले तेल गाडीवाले विकत मागतात. द्यावे का? (उत्पादक, सोलापूर)

उत्तर : नाही. ते पुन्हा कढईतच जाणार. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादेप्रमाणे तेलातली एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी बाद. ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे. तळण्यासाठी दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची असते : कोणते तेल, किती घेतले, किती टाकले, कधी आणि कोणाला दिले. प्राधिकरणाच्या 'रुको' योजनेतले अधिकृत संकलक ते घेऊन बायोडिझेलसाठी पाठवतात आणि पैसेही देतात. गाडीवाल्यापेक्षा दर कमी मिळेल, पावती मिळेल.

तेल कोमट होऊ द्या, जाळीतून गाळा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि वर ठळक 'वापरलेले तेल' लिहा. पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर संकलक भाव पाडतो. संयुगे मोजण्याचा हातातला मीटर मिळतो; तो नसेल तर निदान फेस बसत नाही, धूर लवकर येतो, तेल काळे-चिकट झाले, यावर नजर ठेवा. मात्र रंग हा पुरावा नव्हे. तिखट-मसाल्याच्या मालाने तेल आधीच काळवंडते.

प्रश्न : पिशवी ५० मायक्रॉनच्या वरची असूनही दंड झाला. हा अन्याय नाही का? (कापडदुकानदार, कोल्हापूर)

उत्तर : नाही. केंद्राचा नियम जाडीवर आहे, पिशवीला १२० मायक्रॉन, ३१ डिसेंबर २०२२ पासून. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना त्याहून कडक आहे. हातात धरायच्या प्लास्टिक पिशवीला जाडी कितीही असो, बंदी. मालाच्या वेष्टनाला वेगळ्या अटी होत्या, तिथून ५० हा आकडा तोंडी बसला. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. 'कंपोस्टेबल' पिशवी वापरायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या उत्पादकाचीच घ्या; नुसते हिरवे पान छापलेले म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

प्रश्न : व्यापारी संकुलात तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. संकुलाचा ठेकेदार सगळाच कचरा नेतो म्हणतो. (डॉक्टर, औंध)

उत्तर : देऊ नका. जैववैद्यकीय कचरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्राधिकारपत्रावर, बारकोड लावून, सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीतच जातो आणि प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ड्रेसिंगचा कापूस आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या-हातमोजे-सुईविना सिरिंज लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न भेदल्या जाणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. नेहमीची चूक म्हणजे सुईसकट सिरिंज लाल पिशवीत. दुसरी, चहाचे कप आणि बिस्किटाची वेष्टने पिवळ्यात. स्वागतकक्षाचा साधा कचरा खुशाल संकुलाच्या गाडीत द्या.

प्रश्न : मुलाकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. तिथे दुकानांचा कचरा खासगी कंपन्या नेतात, महापालिका मध्ये पडतच नाही. आपल्याकडेही तसेच करावे, म्हणजे स्पर्धेने दर उतरतील. (निवृत्त अभियंता, डोंबिवली)

उत्तर : महापालिका मध्ये पडत नाही, हे तुम्ही रस्त्यावर पाहिलेत, कागदावर चित्र उलटे आहे. १९५० च्या दशकात त्या शहराने धंद्यांचा कचरा उचलणे सोडले. मोकळ्या बाजारात स्पर्धा आली नाही, माफिया आला. टोळ्यांनी गिऱ्हाइके आपसात वाटून घेतली. दुकान विकले तरी 'थांबा', म्हणजे त्या जागेचे गिऱ्हाईक, जुन्या ठेकेदाराचाच, दुसरा कोणी स्वस्तात न्यायला आला तर धमक्या. १९९५ मध्ये मोठे फौजदारी खटले झाले आणि १९९६ मध्ये शहराने कायदा करून आयोग नेमला. तेव्हापासून कचरा नेणाऱ्या कंपनीला मालकांच्या पार्श्वभूमीची छाननी होऊनच परवाना मिळतो, दराला कमाल मर्यादा असते आणि आपला कचरा कोण आणि कधी नेते याचा फलक दुकानाने दर्शनी भागात लावायचा असतो. तुमच्या मुलाच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर तो असणार.

एवढे करूनही एकाच भागात रात्री पन्नासेक वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक धावत. म्हणून २०१९ च्या कायद्याने शहराचे २० विभाग केले आणि विभागामागे तीनच कंपन्या ठेवल्या. क्वीन्सच्या मध्य भागातला पहिला विभाग जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण लागू झाला, बाकीचे टप्प्याटप्प्याने. दुकानदाराला तिघांतला एक निवडता येतो, वाटाघाटी करता येतात. कागद, पुठ्ठा, धातू, काच, प्लास्टिक वेगळे देणे प्रत्येक धंद्याला सक्तीचे आहे आणि १ मार्च २०२४ पासून सगळ्या धंद्यांना झाकणाचे डबेही.

आपल्याकडे घ्यायचाच असेल तर तो काचेवरचा फलक घ्यावा. डोंबिवलीत एकाही हॉटेलाच्या दारावर 'आमचा कचरा अमुक नेतो, तमुक ठिकाणी जातो' असे लिहिलेले दिसत नाही, आणि ते लिहायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

प्रश्न : आमचे मंगल कार्यालय वर्षातले साठ-सत्तर दिवसच चालते. सरासरी काढली तर कचरा नगण्य. मग व्यवस्था कशाची करायची? (कार्यालयचालक, सातारा)

उत्तर : वर्षाची सरासरी लग्नाच्या रात्री कामाला येत नाही. शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक स्वराज्य संस्थेला कळवायचे आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या नियमांतच आले. कळवायचे काम आयोजकाचे असले तरी बुकिंगच्या फॉर्मबरोबर अर्जाचा नमुना तुम्हीच द्या; लग्नघरात कोणाला आठवत नाही.

केटररशी करारात तीन गोष्टी घाला. एक, न वाढलेले अन्न आणि उष्टे वेगवेगळ्या भांड्यांत. न वाढलेले वेळेत कोणाला देता येते, उष्टे नाही. दोन, पत्रावळीच्या डब्याशेजारी माणूस उभा. पाटी लावून काही होत नाही. पाण्याच्या बाटल्या पत्रावळीसकट आत जातात. तीन, बफेच्या शेवटी खरकटे गाळूनच डब्यात. पाचशे पानांच्या जेवणाला २४० लिटरचे चाकाचे डबे ओल्यासाठी दोन आणि सुक्यासाठी तीन ठेवून सुरुवात करा, नंतर पहिल्या दोन लग्नांचे वजन करून आकडा बदला. २४० लिटरचा डबा ओल्याने काठोकाठ भरू नका. दीडशे किलोचा डबा चाकांवरही उताराला आवरत नाही. स्टेजची फुले वेगळी ठेवा, तारा आणि फोम काढून, कारण फोमचा एक ठोकळा शंभर किलो निर्माल्याचे खत खराब करतो. सजावटवाल्याची अनामत रक्कम तार-फोम परत नेल्यावरच द्या.